चपलांची जागा

पारनेरकडच्या एका बौद्ध लेणीच्या पायथ्याशी माझी चहाची टपरी आहे. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून एक मावशी वंदनेला येतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "व्हय ना?" वर संपतं, पण उत्तराची वाट त्या बघत नाहीत.

लेणीच्या दारात चपला काढायची जुनी जागा होती. तिथंच पर्यटनाचं काम घेतलेल्या ठेकेदारानं सेल्फीसाठी लोखंडी चौकट उभी केली. पाहुणे बुटांसकट स्तूपापर्यंत जायला लागले. मी चिडायचो, तेही टपरीत बसून.

या पौर्णिमेला मावशींनी आपल्या चपला चौकटीला अडकवल्या. मागोमाग वंदनेला आलेल्या साऱ्या बायकांनी अडकवल्या.

ठेकेदार धावत आला. "मावशी, फोटोत चपला येतील."

"येऊ द्या. आत कसं जायचं ते लोकांना कळंल, व्हय ना?"

आणि त्या अनवाणी आत गेल्या.