आत्याच्या पोटातले तीन टाके

आत्याचं जठर आतल्या आत पिळलं होतं आणि मी दोन दिवस तिला गॅसच्या गोळ्या देत होतो. लकडगंजात औषधाच्या दुकानाचं काउंटर तेवीस वर्षं सांभाळलं की माणूस स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागतो... मी पूर्णच समजत होतो.

तुमच्या या सदरातले वाचकांचे अनुभव मी आजवर जेवताना मोठ्याने वाचून घरच्यांना हसवत आलो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, माझ्याकडेच असते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या.

"काहीच बाहेर पडून नाही राहिलं गा. छातीत कोंबल्यासारखं वाटते."

"गॅस वर चढला, आत्या," मी म्हटलं. बायकोने माझ्याकडे न बघता ऑटो बोलावला.

धंतोलीच्या हॉस्पिटलात नर्सने नाकातून नळी घालून पाहिली. तीनदा अडली. सर्जन मॅडमनी लगेच सीटी स्कॅन करायला लावला. जठर छातीत सरकून स्वतःभोवती फिरलेलं. "रक्तपुरवठा तुटला तर काळं पडेल. आत्ताच ऑपरेशन." फॉर्म मी भरला. 'आधीची शस्त्रक्रिया' या रकान्यात, आत्याला विचारूनच, 'नाही' लिहिलं. तिची बाळंतपणंसुद्धा घरीच झाली, हॉस्पिटलची खाट तिने पहिल्यांदाच पाहिली.

दीड तासाने मला गाऊन-टोपी चढवून आत बोलावलं. मॅडमनी दुर्बिणीच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

जठराच्या कडेला तीन काळे टाके होते. एका रांगेत, पोटाच्या भिंतीला पक्के.

"जठर सरळ करून असंच टाचायला आम्ही आत गेलो होतो. कोणीतरी आधीच टाचून ठेवलंय, म्हणून ते अर्धंच फिरलं. पूर्ण फिरलं असतं तर तुमच्या आत्या दोन दिवस काढू शकल्या नसत्या. कोणी केलं हे?"

"कोणीच नाही."

"काका, खोटं बोलू नका."

"मग वण दाखवा ना मॅडम."

त्यांनी शोधला. आज पाडलेल्या चार छिद्रांशिवाय पोटावर ओरखडासुद्धा नव्हता. मी मागच्या स्टुलावर बसलो. ते स्टूल नव्हतं, कचऱ्याची बादली होती.

मॅडमनी नवे टाके घातले आणि जुन्यातला एक कापून तपासणीसाठी औषधाच्या बाटलीत टाकला. लॅब दोन गल्ल्या सोडून... बाटली घेऊन मीच चालत गेलो. कुठेही थांबलो नाही. (बरं, चहाला पाच मिनिटं. पण बाटली खिशातच होती.) लॅबवाल्या बाईंनी ती उजेडात धरली. "यात नुसतं औषध आहे, टाका नाही." झाकणावरची पट्टी जशीच्या तशी!

मॅडम म्हणाल्या, तुम्हीच पाडला असेल. बायको म्हणाली, यात नवल काय. एकुलता एक पुरावा आणि तो माझ्या हातात दिला होता.

नंतर मी हात धुवून सगळ्यांच्या मागे लागलो. काटोलचा चुलतभाऊ म्हणे, "नसबंदीचे असतीन." जठराला नसबंदी? सावनेरच्या मामीने माझ्याच तब्येतीची चौकशी केली. मॅडमनी तिसऱ्या फोननंतर उचलणं सोडलं. आज वर्ष होत आलं, एक माणूस धड उत्तर देत नाही आणि माझ्याजवळही ते नाही.

परवा आत्या भाजी निवडत बसली होती. मी पुन्हा काढलं. "आत्या, आठव ना वं. लहानपणी पडली-बिडली, कोणी बेशुद्ध केलं?"

"नाही गा."

"मग शिवलं कोणी? अन् काहून?"

"कोणी, ते मले काय माहीत," आत्या देठ मोडत म्हणाली. "काहून, ते समजते. म्हातारपणी ही तुह्या घरी गॅसच्या गोळ्यांवर राहीन, हे त्याले आंधीच माहीत असन."