पुडक्याचा मानकरी

नासेल नदीच्या खोऱ्यात माणूस म्हातारा झाला, हे त्याला डॉक्टर सांगत नाही. सप्टेंबरात कुणीतरी सकाळी येऊन त्याच्या ओसरीवर पांढऱ्या कागदातलं मांसाचं पुडकं ठेवून जातं, तेव्हा ते कळतं. ज्याला शिकार जमेनाशी झाली, त्याचा वाटा आधी निघतो. देणाऱ्याने दार वाजवायचं नाही आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, अशी रीत. रीत चांगलीच आहे. आर्वो रिंतलाने स्वतः वर्षानुवर्षं अशी पुडकी वाटली होती आणि म्हणूनच त्याला तिची धास्ती होती. एमिल याकोच्या दारातलं पहिलं पुडकं त्यानेच ठेवलं होतं. त्यानंतर एमिलने दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसणं सोडलं. एल्कच्या, त्या थोराड रानहरणांच्या शिकारीच्या गप्पा निघाल्या की आता आपण कुठल्या तोंडाने बोलायचं, असं त्याला वाटत असावं.

आर्वोचा उजवा खांदा लाकूडतोडीने खाल्ला होता. उभ्या उतारावर ओंडक्यांना पोलादी दोर बांधण्यात जन्म गेला, त्याची किंमत शरीर आता वसूल करत होतं. कपाटातला मग काढायलाही तो डावा हात वापरायचा. त्याची बायको हेल्मी ते बघायची आणि मुकाट्याने सगळे मग खालच्या फळीवर आणून ठेवायची.

दर उन्हाळ्यात तो गॅरेजचं दार लावून घ्यायचा आणि आपल्या शिकारीच्या धनुष्याचे बोल्ट आणखी थोडे सैल करायचा. बोल्ट सैल केले की दोरी हलकी ओढली जाते, पण बाणाचा जोरही तेवढाच उतरतो. या वर्षी त्याने धनुष्य कायद्याच्या अगदी काठावर आणून ठेवलं होतं. याहून हलक्या धनुष्याने एल्कवर बाण सोडायला परवानगीच नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, वेस पिकेटलाही नाही. वेस हा त्याचा शिकारीतला जुना जोडीदार, मनाने सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप नाही.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात एल्कचा नर आला. वेस मागे नेच्यांच्या दाटीत बसून मादीचा आवाज काढत होता आणि आर्वो पुढे एका स्प्रूसच्या बुंध्याआड गुडघ्यावर होता. नर धुक्यातून फुरफुरत आला आणि आडवा उभा राहिला. याहून सोपा नेम आयुष्यात मिळत नाही. आर्वोने दोरी ओढली, खांद्यात कळ उठली, डोळ्यांत पाणी आलं, तरी बाण जिथे जायचा तिथेच गेला.

"लागला!" वेस धावत आला. "लेका, आरामखुर्चीत बसायच्या वयात काय बाण मारलास!"

"ओरडू नकोस. बस खाली."

जखमी एल्कच्या मागे लगेच जायचं नसतं. त्याला आडवं होऊ द्यायचं असतं. म्हणून दोघं बसून राहिले आणि तेवढ्यात समुद्राकडून पाऊस आला. उठून पाहतात तर पानांवर रक्ताचा मागमूस नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी शोधलं. दुसरा सगळा दिवस ते काटेरी झुडपांतून रांगले. वेसचे गुडघे सोलवटले. आर्वोच्या खांद्याला आता वेगळं दुखणं उरलंच नव्हतं, सगळं अंगच दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांच्या कलकलाटाने जागा दाखवली. नर खाली ओढ्यात पडला होता. पोट फुगलेलं, आणि वास तर वरच्या काठापर्यंत येत होता. त्या दमट उकाड्यात मांस एक रात्रसुद्धा टिकत नाही.

"हाडावर आपटला असणार बाण," वेस म्हणाला. "नशीब खोटं. टॅग राहू दे खिशात. अजून आठवडा आहे, इथे कोण बघायला येतंय?"

आर्वो उकिडवा बसला आणि त्याने जखमेत बोट घातलं. बाण दोन फासळ्यांच्या मधून स्वच्छ गेला होता आणि जेमतेम एका फुप्फुसापर्यंत पोचून थांबला होता. म्हणजे हे जनावर उरलेल्या एका फुप्फुसावर श्वास ओढत इतकी दरी उतरलं होतं. आर्वोला स्वतःची शिसारी आली. त्याने खिशातून शिकारीच्या परवान्याचा टॅग काढला आणि शिंगाला बांधला. हंगामात एका माणसाला एकच जनावर. त्याचं झालं होतं.

"हाड नव्हतं लागलं, वेस. मी बोल्ट सैल केले होते."

"किती?"

"चाळीसवर."

"चाळीस पौंड? अरे, माझी नात ओढेल तेवढं!"

"मग तिलाच आणायचं होतंस."

वेस हसला नाही. "मला बोलला असतास तर मी पुढे बसलो असतो. आवाज तू काढला असतास. मांस काय, तुझ्या घरी पोचलंच असतं."

"पोचलं असतं, ठाऊक आहे. तेच तर नको होतं मला."

दोघं दरी चढू लागले. आर्वो दर वळणावर थांबत होता आणि वेसला आपल्या बुटाच्या नाड्या दर वळणावर बांधाव्या लागत होत्या. अर्ध्यावर एक पडलेला देवदार होता. आर्वो त्यावर बसला तो बसलाच.

"वेस."

"हं."

"तुला नर मिळाला तर माझ्या ओसरीवर एक पुडकं ठेव."

वेसने मान डोलावली.

"आणि खिमा करून ठेव," आर्वो म्हणाला. "हेल्मीला चाववत नाही."

हेल्मीचे दात शाबूत होते. कवळी आर्वोची होती, हे वेसला माहीत होतं.

"खिमाच करतो," वेस म्हणाला. त्याने वाकून आर्वोची पिशवी उचलली आणि आपल्या पाठीवरच्या पिशवीवर चढवली. आर्वोने ती परत मागितली नाही.