रापणीतला वाटा

१९ नोव्हेंबर १९५४, सकाळचे सात. देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचे मोठे जाळे दोरीने ओढायला सुरुवात झाली, आणि त्या दिवशी दोरीला दोन परक्यांचे हात लागले.

ती भावंडे गोव्याची. तो एकोणीस-वीस वर्षांचा, ती त्याहून धाकटी. ती वेंगुर्ल्याला आजोळी वाढल्याने तिची बोली आमच्यासारखीच होती. पोर्तुगीज अमलाविरुद्धची पत्रके मालवणात छापून घेऊन दोघे परत निघाली होती. पत्रके तिच्या गाठोड्यात होती. त्यांना कर्लीची खाडी ओलांडायची होती आणि होडी माझी होती. परंतु किनाऱ्यावर मासळीचा एक व्यापारी उभा होता. तो गोव्यात माल नेई, आणि मालाबरोबर बातमीही नेई. त्याने हेरलेली माणसे पुढे चौकीवर पकडली जात.

माझे काका रापणीचे तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचे म्होरके. त्यांनी दोघांना दोरीवर उभे केले. ओढणाऱ्यांच्या रांगेत माणूस वेगळा दिसत नाही. मुलाचे तळहात सोलवटले, तरी तो थांबला नाही. सदरा मात्र त्याने उतरवला नाही. पाठीवर कोठडीतले वळ होते.

जाळे आले. काकांनी वाटे घातले. दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा असतोच, आणि तो कोणी नाकारत नाही. मुलाला ते ठाऊक नव्हते. गरिबांची मासळी घेणे त्याला प्रशस्त वाटले नाही.

"आमकां नाका," तो म्हणाला. "तुमीच घेयात."

व्यापारी वळला. "दोरी ओढून वाटो नको? खंयचो रे तू?"

बहिणीने भावाला बाजूला सारले.

"त्येका काय इचारतास? त्येचा डोक्या ठिकाणार नाय. वाटो हयसर टाका. आणि ह्या काय? त्येंका बांगडे आणि आमका बारके पेडवे? आमी काय दोरी फुकट ओढली?"

काका म्हणाले, "अगो, आदी घोव कर, मगे माझ्याशी भांड."

"तुमच्यासारखो न्हवरो मेळाचो आसलो, तर माका नकोच."

किनारा हसला. व्यापारीही हसला आणि आपल्या तराजूकडे गेला. ती तेवढ्यावर थांबली नाही. आणखी चार बांगडे भांडून घेतले आणि गाठोड्यावर पसरले.

होडीत ती गाठोडे मांडीवर घट्ट धरून बसली. भय वाटत नाही का, असे मी विचारले.

"वाटता," ती म्हणाली.

खाडीपलीकडे भोगव्याच्या बाजूला मी त्यांना उतरवले. पत्रके पोचल्याचा निरोप काही दिवसांनी आला. भाऊ नंतर पकडला गेला. गोवा मुक्त झाल्यावरच सुटला. ती शेवटपर्यंत पोलिसांच्या हाती लागली नाही. मी त्यांच्याच वयाचा होतो. त्यांच्याइतकी धीट माणसे पुढे मला फारशी भेटली नाहीत.

भरती लागली होती, म्हणून तिथे रेंगाळलो नाही. देवबागला आलो, होडी वाळूवर ओढली आणि आतले पाणी उपसले.