व्याह्याच्या मिशा आणि आमचा अभ्यासक्रम

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्या कॉलेजच्या इंग्रजी विभागाला अचानक जाणवलं की आपण आजवर पोरांना विलायतेतलं धुकं आणि बर्फच शिकवून राहिलो. आता इथल्या मातीतलं काहीतरी हवं. विभागात मी सगळ्यात लहान, म्हणून माती उकरायचं काम माझ्याकडे आलं.

मी लांब गेले नाही. आमच्याकडे कामाला येणारी दीदी रायपूरजवळच्या अभनपूरकडची. भांडी घासताना ती एक छत्तीसगढी गाणं गुणगुणायची: मोठ्या मिशांचा आला, आमचा सगळा भात गिळला, तरी मेल्याचं पोट भरेना. मी ते लिहून घेतलं, इंग्रजीत उतरवलं आणि चार पानी टीप जोडली. मिशावाला म्हणजे गोरा साहेब, भात म्हणजे लुटलेला देश.

विभागप्रमुख अमरावतीचे, स्वतः झुपकेदार मिशांचे. टीप वाचून ते गहिवरले. "हेच पाहिजे होतं मले!"

गाणं अभ्यासक्रमात लागलं. पहिल्या तासाला मी दीदीलाच वर्गात नेलं. सर मागच्या बाकावर बसले. ती गायली, मग मी माझी टीप हिंदीत समजावली. दीदीनं तोंडाला पदर लावला.

"क्या हुआ, दीदी?"

"कहाँ के अंगरेज, मैडम! बिहाव मा समधी ला गारी देथन!"

म्हणजे लग्नात व्याह्याला हासडायच्या शिव्या! पोरं बाकं बडवून हसली. मला सरांकडे बघवेना.

"मॅडम," मागून सरांचा आवाज आला, "गप काहून बसल्या? तिले विचारा ना, कसं गातेत ते."

दीदी म्हणाली, समोर व्याही बसल्याशिवाय गळा मोकळा होत नाही. तिनं वर्गभर नजर फिरवली आणि सरांच्या मिशांवर थांबवली. सर मुकाट पुढं येऊन खुर्चीत बसले. पोरी वधूपक्ष झाल्या. अर्धा तास त्यांनी सरांच्या मिशा, पोट आणि स्कूटर, सगळ्याचा उद्धार केला. मीही दोन कडवी जोडली, बरीच जुनी उधारी होती. सर मिशीला पीळ देत ऐकत राहिले.

टीप मी त्याच दिवशी फाडली. दीदी आणखी दोन तास घ्यायला आली. तिसऱ्या खेपेला शिपायानं मला ओलांडून तिला विचारलं, "मैडम, चाय?"

"हव," ती म्हणाली, आणि माझ्या खुर्चीत बसली.