एतियेनच्या हातातला धोटा

बर्था डेलाफोर्स लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या बाजारात भाव करायला लागली की पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसत. उशांना झालरी शिवण्यात तिचा जन्म गेला, लग्न केलं नाही, आणि मान कुणापुढे खाली घातली नाही. एवढा ताठा कशाचा, असं कुणी विचारलं तर ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवी. तिथे तिचा मूळपुरुष एतियेन होता, तेलरंगातला, केसांचा कुरळा टोप घातलेला, हातात विणकराचा धोटा. फ्रान्सच्या राजाने ह्युगनोंचा, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंटांचा, छळ मांडला तेव्हा हे चित्र पाठीला बांधून तो लंडनला आला, असं घरात सगळे सांगत.

यंदा फ्रेंच चर्चने जुन्या विणकर घराण्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. मधल्या भिंतीवर आमचा एतियेन लागणार, हे बर्थाने कुणालाही न विचारता गल्लीभर सांगून टाकलं.

नाताळच्या आधी एतियेनला अर्धा कांदा चोळून पुसायची डेलाफोर्सांची रीत होती. यंदा मान मोठा, म्हणून बर्थाने कांद्याबरोबर धुण्याचा सोडाही घेतला आणि चांगला जोर लावला. चुलतभाऊ पर्सी टेबलाशी बसून ईल मासे खात होता.

"बर्थे, थांब! तुझ्या विणकराच्या हातात तलवार आलीय बघ."

खरंच. अर्धा धोटा पुसला गेला होता आणि खालून तलवारीची सोनेरी मूठ डोकावत होती.

"हा कुणीतरी सरदार!" पर्सीला हसू आवरेना. "आजोबांनी रविवारच्या बाजारातून उचलला आणि वरून धोटा रंगवून घेतला. जीव मुठीत धरून पळणारा माणूस पोरं उचलेल की एवढी चौकट? हात दाखवून अवलक्षण केलंस तू!"

"गप्प बस मेल्या, मासा गिळ."

पण ती खुर्ची ओढून बसली. मूळपुरुषच विकतचा, मग आपण कोण? कुणापुढे न रडणारी बर्था पर्सीसमोर रडली, आणि वर कांद्याला दोष दिला.

डोळे पुसून तिने पुन्हा पाहिलं. धोट्याचं एक टोक शाबूत होतं. टोकाचा टवका उडालेला, बाजूला मेणबत्तीने भाजल्याचा काळा डाग. ती ताडकन उठली आणि वर सरकवलेली खिडकी पडू नये म्हणून खाली अडकवलेला लाकडी धोटा तिने ओढला. खिडकी धाडकन खाली आली. हा आजोबांचा धोटा. लहानपणी त्यासाठी सुताच्या कांड्या तीच भरून देई. तोच टवका, तोच डाग.

"हाच समोर ठेवून काढलाय रे त्यांनी!"

"आजोबा? ते तर फक्त पाखरांचे पिंजरे रंगवायचे. चित्र काढायला कधी शिकले?"

"धोटा काढायला शिकावं लागतं होय? जन्मभर हातात होता त्यांच्या."

पर्सीने माशांची बशी बाजूला सारली आणि धोटा हातात घेऊन पाहिला.

चर्चच्या मिस रोंदो चित्र न्यायला आल्या तेव्हा बर्थाने दारातच सांगितलं, "बाई, हा माणूस आमचा नव्हे, बाजारातला आहे. धोटा मात्र आमचा. आता न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मिस रोंदोंनी चित्र पाहिलं, बर्थाच्या हातातला धोटा पाहिला. "दोन्ही द्या," त्या म्हणाल्या.

मधली भिंत काही मिळाली नाही. चित्र दाराजवळ लागलं, खाली धोटा. गल्लीतली खाटकीण टोमणा मारायलाच आली होती. "म्हणजे हा तुझा कुणीच नाही तर!"

"नव्हता. परका होता, आम्ही घरात घेतला," बर्था म्हणाली. "आम्हालाही या गल्लीने तसंच घेतलं होतं की."

मग तिने रुमाल काढून सरदाराच्या नाकावरची धूळ पुसली, या वेळी अगदी हलक्या हाताने.