अनुसया नाव आहे तिचं

बाई मेली, आणि नाव मात्र नवऱ्याचं!

काल फ्लेक्सचं डिझाईन बघून माझं डोकंच फिरलं.

आज आत्याला जाऊन एक वर्ष झालं. त्यासाठी पळसदेवच्या चौकात लावायचा फ्लेक्स तिच्या मुलाने, शमुवेलने, फॅमिली ग्रुपवर टाकला. मध्ये आत्याचा फोटो. वर "अमुक अमुक यांच्या धर्मपत्नी आणि आमच्या मातोश्री". खाली तीन मुलं, पाच नातू, आणि हात जोडलेले दोन पुढारी, ज्यांनी आत्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही.

आत्याचं नाव कुठेच नाही.

मी लगेच फोन लावला.

"अगं ताई, फोटो हाय की एवढा मोठा! गावात कोण वळखत न्हाय आईला?"

"शम्या, नाव टाक."

"आता प्रिंटला गेलं. तू बी ना, कशात बी खोट काढतीस."

हो, काढते. तुझ्या आईनेच शिकवलंय.

आत्या इंदापूरच्या बाजारात मासळी विकायची. शाळा चौथीपर्यंत. पण बायबल वाचायची ते भाव पुकारल्यासारखं, खणखणीत. तिच्या त्या पुस्तकाला मासळीचा वास यायचा, अजून येतो.

नवऱ्याचं घर सोडून मी बारामतीला परत आले, एमआयडीसीत डेअरीच्या पॅकिंगला लागले, आणि आत्याने ठरवलं की करुणाला, म्हणजे मला, रोज एक अध्याय वाचून दाखवायचा. फोनवर. माझ्या जेवणाच्या सुट्टीत!

अर्ध्या तासाची सुट्टी. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन, आणि कानात आत्या. बरं, चांगलं चांगलं निवडून वाचेल तर शपथ. पहिल्या पानापासून सगळं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशा नावांच्या याद्याच्या याद्या.

"आत्या, नावं सोड गं. पुढं वाच."

"न्हाय सोडायची. कुणीतरी लिवलीत ना? मग आपुन कोण गाळणार?"

मी फोन डब्याशेजारी ठेवून मुकाट जेवायचे. पॅकिंगच्या बायका हसायच्या. मला भयंकर राग यायचा.

मग माझ्या सख्ख्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आली. निमंत्रकांत चुलते, मामा, लांबचे आतेभाऊ, सगळी भावकी. माझं नाव नाही.

भाऊ म्हणाला, "तुझं आडनाव कुठलं टाकायचं, आपलं का त्यांचं, हाच घोळ. म्हणून राहू दिलं."

राहू दिलं! जणू मी पातेल्यातली उरलेली भाजी.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, तुझं पुस्तक ठेव गुंडाळून. मी आता कुणाचीच नाही, मला काही ऐकायचं नाही.

ती म्हणाली, "बरं. मग येकच यादी ऐक."

पुन्हा यादी! येशूच्या घराण्याची. बाप्यांची नावं वाचता वाचता मध्येच थांबली.

"ह्यात बाया पाचच हायती, करुणे. येकीला सासरच्यांनी फसवलं. येक धंद्याला बसलेली. येक परमुलखातली रांडाव. येकीला राजानं घरातनं उचलून न्हेली. आन् मरियेबद्दल तर समदं गाव कुजबुजलं आसंल. तरी देवाच्या पोराच्या घराण्यात नावं हायती त्यांची. तुजं काय एवढं झालंय? आडनावाचा घोळच ना?"

मी कंपनीच्या नळावर डबा धुता धुता रडले. हसूही आलं. माझं लग्न मोडल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाच्या तरी यादीत आहे.

मग तीच चिडक्या आवाजात म्हणाली, "पर त्या चौथीचं नाव न्हाय लिवलं मेल्यांनी. नुसतं उरियाची बायको. मंग मी लिवलं. बथशेबा."

"कशावर लिहिलंस?"

"कशावर म्हंजी? पुस्तकावर. बॉलपेननं."

चर्चच्या पाळकसाहेबांनी ते बघितलं तेव्हा मी तिथेच होते. म्हणाले, "अनुसयाबाई, शास्त्रात भर घालू नये."

आत्याने शांतपणे चष्मा काढला. "भर कुठं घातली, सायेब? ऱ्हायलेलं लिवलं."

भावाच्या लग्नात मी गेले, जेवले, आले. पत्रिकेबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. हिंमतच झाली नाही. ते मला अजून खुपतं.

म्हणून आज सकाळी रजा टाकली, वाटेत जाड काळा मार्कर घेतला आणि स्कूटीवर भिगवणवरून पळसदेव गाठलं. फ्लेक्स लागलेला होता. चहाच्या टपरीवरून स्टूल मागितलं. फोटोच्या खाली, हात पुरेल तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं.

अनुसया.

शमुवेल पळत आला. "ताई, येडी का खुळी तू? लोकं बघत्यात! छापल्याली गोष्ट हाय ती, त्यात भर कशाला घालतीस?"

"भर कुठं घातली? राहिलेलं लिहिलं."

आईचं वाक्य त्याला बरोबर ओळखू आलं. मग स्टूल डुगडुगत होतं ते धरून उभा राहिला.

पुढाऱ्यांच्या फोटोआधी थोडी जागा होती. तिथे नातवांच्या नावांखाली मी अजून एक नाव लिहिलं. करुणा. आडनाव टाकलं नाही.

आत्या, तुझ्या त्या याद्यांनी मी फार वैतागले गं. आता जेवणाच्या सुट्टीत फोन वाजत नाही, तर तुझं पुस्तक डब्यासोबत नेते आणि स्वतःच वाचते. एकही नाव गाळत नाही.

अनुसयाबाई, प्रभूपाशी सुखात राहा.

तुझी भाची,
करुणा