मिठाच्या गुळण्या

माझा स्वभाव मुळात तापट. घाण दिसली की मी ओरडलेच म्हणून समजा. तेलगावात नर्स होते तेव्हा बायका मला टरकून असत आणि खरं सांगू, मला ते आवडायचंही. गावात नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, त्या काळची ही गोष्ट.

त्या हिवाळ्यात तापाची साथ आली. घराघरात दोन-दोन माणसं आडवी. आमचे डॉक्टर म्हणाले, घशातले नमुने घ्या, पुण्याला तपासायला जातील. मी म्हणाले, "साहेब, फ्लूच तर आहे, दरसालचा." तर म्हणे, "बाई, हा विषाणू दरसाल थोडा बदलतो. कधी एकदम नवाच निघतो. म्हणून नजर ठेवायची." तोच, पण नवा? मला काही उमजेना. मान मात्र हलवली.

त्याच साथीत गावातले एक किराणा दुकानदार गेले. त्यांची धाकटी सून आठवड्यापूर्वीच गेवराईहून, माहेराहून, खोकत आली होती. झालं! मातीला तीन दिवस झाले नाहीत, तोच सासूनं माझ्यासमोर निकाल दिला.

"पांढऱ्या पायाची हाय ही. हिला माहेरी धाडती, कायमची."

सून दाराआड उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. नवरा खाली मान घालून बसलेला. माझं डोकंच फिरलं. "अवो, समद्या गावाला ताप हाय, तो काय हिनं वाटला? रोग हाय रोग! पुण्याचा कागद येऊ द्या, मग बोला."

सासू सरकारी कागदाला मानायची. म्हणाली, "बरं, कागद येऊस्तोवर राहू द्या." निघताना मी त्या पोरीला म्हटलं, "भिऊ नको, कागद येतोय."

नमुन्याच्या सकाळी आजारी माणसं उपकेंद्रावर आली, त्यात तीही होती. बघते तर बहुतेक बायकांची तोंडं मिश्रीनं काळी. अगं बाई! हे पुण्याला जाणार, मोठे डॉक्टर बघणार, काय म्हणतील? मी पातेलंभर पाणी तापवलं, मूठभर मीठ आणि हळद टाकली. "चला, खळखळून गुळण्या करा. दोनदा!" एकीलाही सोडलं नाही. मग घशात काडी फिरवून नळ्या बर्फाच्या डब्यात भरल्या आणि डबा बीडच्या एसटीनं रवाना केला. त्या दिवशी स्वतःवर लई खूश होते मी.

महिन्यानं कागद आला. एकाही नमुन्यात काही सापडलं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, नमुन्याआधी कुणी गुळण्या-बिळण्या केल्या नव्हत्या ना? धुऊन जातं सगळं."

"न्हाई साहेब."

तोंडातून निघून गेलं. का, ते आजही सांगता येत नाही. नोकरीची भीती असेल, नाहीतर माझा तोरा. ते गुळण्यांनीच गेलं, की वाटेत बर्फ वितळला, की तो फ्लू नव्हताच? आणि सापडलं असतं तरी रोग कुणी आणला हे कागद थोडंच सांगणार होता? मग मी त्या पोरीला कसला शब्द दिला होता? विचार करकरून डोकं पिकलं, पण गुंता काही सुटला नाही.

सासूला मात्र सगळं सरळ दिसलं. "कागदात रोगच न्हाई. मंग मानूस कशानं गेलं?"

सुनेचा भाऊ तिला न्यायला आला. स्टँडवर मी तिला गाठलं, खरं काय ते सांगायचंच असं ठरवून. तिनंच आधी तोंड उघडलं. रडत नव्हती.

"बाई, मला आधी वाटायचं, लोक उगंच बोलत्यात. पर सरकारी कागद खोटं कशाला बोलंल? मामंजींना मीच मारलं."

एसटी सुटेपर्यंत मी तिथंच उभी होते. गुळण्यांचं सांगितलंच नाही.